घाटावर भरलेली काडतुसं

बुलढाणा, १७ जानेवारी १९६५

चि. नारायण,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तुला तो नको असला तरी पत्राच्या सुरुवातीला लिहावा लागतो, म्हणून लिहिला.

परवा तू काडतुसांचा डबा घेऊन निघालास तेव्हा मी बोलत होतो आणि तू चालत होतास. बस चुकेल म्हणालास. मी मागून स्टँडवर जाऊन विचारलं, तर नांदुऱ्याची बस त्यानंतर पाऊण तासाने सुटली. म्हणजे तेवढा वेळ तू स्टँडवर एकटा बसलास, पण माझ्या घरी बसला नाहीस. तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी टाकलेला चहाही मीच प्यालो, आणि मग रात्रभर डोळा लागला नाही.

वाटणीच्या वेळी पंचांनी बंदूक तुला दिली आणि काडतुसं भरायचं सामान मला दिलं. लायसनवर दोघांची नावं राहिली. भाऊ एकमेकांना धरून राहतील, असा पंचांचा विचार. झालं असं, की तू बंदूक घेऊन घाटाखाली बसलास, मी साचे आणि दारू घेऊन घाटावर बसलो, आणि तेव्हापासून आपण रिकाम्या काडतुसांपुरते एकमेकांना ओळखतो. तुझी रिकामी आली की मी भरून ठेवतो. चीनच्या लढाईपासून दुकानात भरलेलं काडतूस मिळत नाही, नाहीतर तेवढंही ओळखलं नसतंस. 'घाटावरचं थंड घर दादाने घेतलं आणि मला वाळू दिली,' असं तू चार लोकांत बोलतोस ते माझ्या कानावर येतं. मला खालचं ऊन सोसत नाही, दमा आहे, हे पंचांनाही माहीत होतं.

असो. नदीच्या वाळूत तुझी टरबुजाची वाडी, कोल्हे फळं फोडतात, आणि आता शहाणे होऊन पलीकडच्या काठावरच घुटमळतात. तिथवर जुन्या काडतुसाची गोळी जाईपर्यंत खाली पडते, हे तुझं म्हणणं मला पटलं. म्हणून या वेळी जोराची भरली. दारूच्या डब्याबरोबर आलेल्या कागदावर जे शेवटचं माप आहे तिथवर गेलो, त्याच्यापुढे गेलो नाही. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. प्रत्येक काडतुसाची दारू काट्यावर तोलली. गोळी सरळ बसली की नाही ते पाहायला प्रत्येक काडतूस काचेवर लोळवलं, जे डुललं ते बाजूला काढलं. अकोल्याच्या बंदुकीच्या दुकानात मी इतकी वर्षं काढली ती फुकट नाही.

माळावर पहाटेच्या थंडीत तू दोनच बार काढलेस. दोन्ही गोळ्या कागदाला शिवल्याही नाहीत. मग खांदा दुखतो म्हणून बंदूक माझ्या हातात दिलीस. मी पाच झाडल्या, त्या पाची तुझ्या वहिनीच्या कुंकवाच्या डबीखाली झाकतील एवढ्या जागेत गेल्या. मी म्हणालो, "आता खुश?" तू म्हणालास, "बंदुकीले विचार, मले काऊन विचारून राह्यला?" थोरल्या भावाशी असं बोलतात का?

सांगायचं राहिलं ते असं. दारूला सगळ्यात वाईट ओल. डबा जमिनीवर ठेवू नको, नदीकाठी तर नाहीच नाही. अधूनमधून दुपारभर उन्हात ठेवत जा, आई डाळी ठेवायची तसा. मी इथे तसाच ठेवतो. तू रस्त्याच्या वळणावर होतास तेव्हा हे ओरडून सांगितलं. तू हात हलवलास, पण तो 'बरं' म्हणून हलवलास की 'पुरे' म्हणून, ते कळलं नाही.

पाकीट बंद करून पाठवतो. कार्डावर काडतुसांचं लिहावं आणि पोस्टमनने वाचावं, असे हे दिवस नाहीत.

उकंडराव


बुलढाणा, २३ फेब्रुवारी १९६५

चि. नारायण,

पत्राचं उत्तर नाही. पोचलं की नाही, एवढं तरी कळवायचं होतं. मी पोस्टात विचारलं, ते म्हणाले पोचलं असणार. 'असणार' म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

पूर्वी तू भांडायचास, पण उत्तर द्यायचास. चार ओळींत तीन शिव्या असायच्या, तरी कागद यायचा. आता तोही येत नाही, याचं कारण मला दिसतं. तुझ्या घरात तुझे कान भरणारं माणूस आहे. रुखमाबाई शाळेत चार यत्ता शिकली, म्हणून तिने दोन भावांच्या मध्ये पडायचं कारण नाही. बायकांनी वाडीत फळं मोजावीत. तुझी वहिनी हे वाचून म्हणाली, "हे खोडा." मी खोडलं नाही. खाडाखोड केलेलं पत्र बरं दिसत नाही.

डब्याला ऊन दाखवतोस ना?

उकंडराव


बुलढाणा, १८ एप्रिल १९६५

चि. नारायण,

आज रविवार, तुमच्याकडच्या किसनरावांचा टरबुजाचा ट्रक आला. ड्रायव्हरने एक टरबूज आणि एक गाठोडं दारात ठेवलं आणि निघून गेला. मी गाठोडं सोडून पाहीपर्यंत ट्रक खामगावच्या वाटेला लागला होता, नाहीतर त्याच्याच हातून निरोप दिला असता. आता हे पत्र कधी पोचेल देव जाणे.

तुझी रिकामी काडतुसं पाहिली. नारायण, यातली उरलेली झाडू नको.

काडतुसाच्या बुडाशी टोपी असते, जिच्यावर पिन आपटते, ती तुला माहीत आहे. आपल्या जुन्या काडतुसांच्या टोप्या कडेने गोल राहायच्या. या साऱ्या चपट्या झाल्या आहेत, इस्त्री फिरवल्यासारख्या. पितळेवर ओरखडे आहेत, म्हणजे काडतूस आत कोंडणारा बंदुकीचा बोल्ट उघडताना अडला असणार आणि ओढून काढावा लागला असणार. आणि एका टोपीला आरपार भोक पडून भोवती काळं झालं आहे. त्या भोकातून आग मागे येते. आणि मागे बंदूक धरणाऱ्याचा डोळा असतो.

ते भोकाचं काडतूस तू वेगळ्या गाठीत बांधून पाठवलंस. टोमणा कळला. माझी चूक माझ्या तोंडावर मारायची होती, तर दोन ओळी लिहून मारायची होतीस. आणि गाठोडं लुगड्याच्या फडक्याचं आहे. काडतुसं बाईमाणसाच्या हाती देत जाऊ नको, हे मी तुला आता सांगायला पाहिजे का?

चूक कुठे झाली ते मला सापडत नाही. एकात दारू दोनदा पडली म्हणावं, तर साऱ्याच टोप्या चपट्या कशा? काटा पुन्हा पाहिला, बरोबर आहे. त्याच खेपेची चार काडतुसं माझ्याकडे उरली होती, ती मोडून दारू तोलली, बरोबर आहे. टोप्या अकोल्याच्या नेहमीच्याच दुकानातल्या.

मी सध्या घरीच बसून आहे, जरा काम आहे, नाहीतर स्वतः आलो असतो. डब्यातली उरलेली तशीच ठेव. एवढं ऐक.

उकंडराव


बुलढाणा, २१ एप्रिल १९६५

चि. नारायण,

सापडलं. मला नाही, तुझ्या वहिनीला. तेही तिने शोधलं नाही, तिला माझा कंटाळा आला होता.

मी तीन दिवस एकच बोलत होतो, की इथे चांगली चाललेली काडतुसं तिथे जाऊन बिघडली कशी. ती दही लावत होती. म्हणाली, "मी नांदुऱ्याले होती तवा दही दोन घंट्यात आंबायचं. इथं थंडीत रातभर लावलं तरी दूधच राह्यते. दूध तेच, विरजण तेच. मंग म्या काय विरजणाले शिव्या देऊ?" आणि आत गेली.

दारूचंही तेच आहे. थंडीत ती हळू पेटते, तापली की भडकते. हे मी दुकानात ऐकलं होतं, पण तिथे आमच्या डोक्यात नेहमी ओलच असायची. मी ही काडतुसं पौषातल्या पहाटे, घाटावर, गार हातांनी झाडून पाहिली. तेवढ्या थंडीत जे शेवटचं माप निभावलं, ते घाटाखाली चैत्राच्या उन्हात निभावणार नाही. घाटावर मी काठोकाठ भरलं, ते खाली जाऊन उतू गेलं.

आणि वर डबा उन्हात ठेवायला सांगणारा मीच. वाळूवर दुपारभर तापलेल्या डब्यातून संध्याकाळी काढून तू ती झाडत असशील.

डबा आजच्या आज उन्हातून काढ. सावलीत ठेव, पण झाडू मात्र नको. गार झाली तरी नको. माझ्याकडे पाठव, मी मोडून पुन्हा भरून देतो. तू म्हणशील, गोळी फार लांब जाऊ लागली म्हणून दादाच्या पोटात दुखलं आणि काडतुसं परत मागतो. तसं म्हण, पण काडतुसं पाठव.

उकंडराव


बुलढाणा, २४ एप्रिल १९६५

चि. नारायण,

आज तार करायला गेलो होतो. पोस्ट जवळ आहे, पण जायला मला अर्धा तास लागला. का लागला ते खाली लिहितो.

मजकूर लिहिला, 'काडतुसे उडवू नको, दादा.' तारेच्या खिडकीतला पोरगा तो वाचून माझ्याकडे पाहत राहिला.

"काय भानगड हाये बाबा?"

"भावाले पाठवतो."

"भाऊ काय करते?"

"टरबुजं लावते."

"तिकडं कच्छात गडबड चालू हाये, अन् तुमी तारेत काडतुसं घालून राह्यले? साहेबाले विचारा लागंन. साहेब जेवाले गेले."

मी लायसन दाखवतो म्हणालो, तर ते घरी राहिलेलं. आधीच चौकशी नको म्हणून मी पत्रं पाकिटात घालतो. कागद परत घेतला आणि आलो. घरी आल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "काडतूस शब्द कायले लिवला? डबा म्हनाचं होतं." मला हे तिथे सुचलं नाही. पुन्हा जायचं तर खिडकी बंद झालेली, आणि उद्या रविवार.

आता खरं लिहितो. मी कामात नाही. दहा तारखेला सरकारी दवाखान्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टाके आहेत. डॉक्टर म्हणाले, घाटाच्या रस्त्याने बशीत बसाल तर पुन्हा इथेच याल. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं आणि तू आला नसतास तर ते मला सहन झालं नसतं. तुझ्या वहिनीलाही मी तसंच सांगितलं, की कळवू नको. आता तू समज, की मी का येत नाही.

एक बार उशिरा झाला तर एखादं टरबूज जाईल. डोळा गेला तर तो मी कुठल्या साच्यात घालून देऊ? रागाने का होईना, पण लिही. 'वाचलं' एवढंच लिही.

उकंडराव


बुलढाणा, २५ एप्रिल १९६५

सौ. रुखमाबाई यांस,

हे पत्र तुमच्या नावाने आहे. नजरचुकीने तुमचं नाव पडलं असं समजून नारायणच्या पत्रांत ठेवू नका. भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोला पत्र लिहायची रीत नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हापासून मी दारात खाकरतो आणि तुम्ही आत जाता. आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. पण आता बोलायला पाहिजे.

आधी डबा उचला. उन्हात असेल तर सावलीत न्या. त्यातलं एकही काडतूस झाडू नका. बंदुकीत भरलेलं असेल तर काढून ठेवा. एवढं करा आणि मग पुढचं वाचा.

आज ट्रकबरोबर किसनराव स्वतः आले. मी त्यांना विचारलं, की नारायण माझी पत्रं वाचतो की फाडतो. ते म्हणाले,

"दादा, तुमाले ठावं नाई? नारायणरावाच्या दोन्ही डोयात मोतीबिंदू हाये. पौषात थोडंबहुत दिसत होतं. आता माणूस बोलला का मंग वयखते."

"मंग पत्रं?"

"पत्रं भितीवरल्या तारेत खोचेल हायेत, पाकिटं न फोडता. म्हनते, दादाची पत्रं मी सवडीनं वाचीन. अक्षर दिसन तवा सवड येईन ना!"

"रुखमाबाई वाचून देत नाही?"

"त्यानं सांगतलं तं देईन. नवऱ्याच्या नावाचं, भासऱ्याचं पाकीट, ती कशी फोडंन? अन् त्याले सांगाची लाज. तुमचाच भाऊ हाये तो."

मग मी विचारलं, "कोल्हे कोन मारते?"

किसनराव हसले. म्हणाले, "साऱ्या नांदुऱ्याले माहीत हाये, तुमालेच नाई? तुमची भावजय! नदीच्या वायूत पालथी पडते, पदर दातात धरते, अन् पलीकडच्या काठाले कोल्हा उताना. आमी तिले फौजेतली जमादारीन म्हनतो. तोंडावर नाई हो, मांगून."

मी तसाच कागद आणायला उठलो. ते पाहून त्यांचं हसू थांबलं. मी त्यांना ओट्यावर बसवून हे लिहितो आहे, ट्रक खाली उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे.

काय झालं ते थोडक्यात लिहितो. ही काडतुसं मी थंडीत भरली आणि थंडीतच पाहिली. तापली की त्यांचा जोर फार वाढतो. टोपी फुटली तर आग मागे येऊन डोळ्यात जाईल. त्याहून वाईटही होऊ शकतं. डबा उन्हात ठेवत जा, असं मी नारायणला सांगितलं होतं. त्याने ते तुम्हाला सांगितलं असेल आणि तुम्ही ऐकलं असेल. तुमचं काही चुकलं नाही. मी सांगितलं ते चूक होतं.

पौषात तो माझ्याकडे थांबला नाही, बस चुकेल म्हणाला. बशीवरची पाटी त्याला वाचता येत नव्हती, म्हणून तो आधी जाऊन चौकशी करत बसला असणार. मी तो राग समजलो. हे त्याला वाचून दाखवा. तारेतली पत्रंही वाचून दाखवा, माझी परवानगी आहे. फेब्रुवारीचं सोडून.

डबा उचलला ना?

उकंडराव


बुलढाणा, ९ मे १९६५

सौ. रुखमाबाई यांस,

तुमचं कार्ड पोचलं. अक्षर चांगलं आहे, मला चष्म्याशिवाय वाचता आलं. कार्डावर तुम्ही टरबुजाचा भाव लिहिलात, नारायणची तब्येत लिहिलीत, डबा पेटीत ठेवला हे लिहिलंत, काडतुसांचंही पोस्टमनला न भिता लिहिलंत. त्या रविवारी संध्याकाळी काय झालं, ते लिहिलं नाहीत. ते मला किसनरावांकडून कळलं.

माझं पत्र त्यांच्या खिशात होतं आणि ट्रक घाट उतरत होता, तेव्हा तुम्ही बार काढलात आणि टोपी फुटली. त्यांनी वाडीत येऊन हाक मारली तेव्हा तुम्ही रांजणापाशी बसून तोंडावर पाणी मारत होतात. उजवी भुवई जळाली, गालावर भाजलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि डोळा शाबूत आहे म्हणाले. किसनरावांनी हे सांगितलं, तेव्हा मी त्यांना तेच पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "दादा, शाबूत म्हंजे शाबूत. तिनं त्याच डोयानं मले उशीर केल्याबद्दल पाह्यलं."

ट्रक थोडा आधी निघाला असता तर? मी पत्रात बशीचं आणि पाटीचं लिहीत बसलो नसतो तर? किसनरावांना ओट्यावर ताटकळत ठेवून मी ते लिहीत होतो. हे माझ्या मनातून जात नाही. तुम्हाला लिहून ते जाईल असंही नाही, पण तुम्हाला माहीत असावं.

त्याच संध्याकाळी गालाला ओलं फडकं लावून तुम्ही नारायणला सारी पत्रं वाचून दाखवलीत. फेब्रुवारीचं सोडा म्हटलं होतं, तेही वाचलंत. किसनराव म्हणाले, बायकांनी फळं मोजावीत ही ओळ तुम्ही दोनदा वाचलीत आणि नारायण दोन्ही वेळा हसला. तो हसला हे ऐकून मला बरं वाटलं. त्या ओळीबद्दल मी काय लिहू? ती मी खोडायला पाहिजे होती. तुमची जाऊ तेव्हाच म्हणाली होती.

भोकाचं काडतूस वेगळ्या गाठीत तुम्ही बांधलं होतं, हे कार्डावर वाचून कळलं. मला बोलून विचारता येत नव्हतं, म्हणून तुम्ही गाठीने विचारलंत. मी तो नारायणचा टोमणा समजलो आणि तीन दिवस त्यावर चिडत बसलो. अशी गाठ मारून कोण पाठवतं, याचा विचार करायला पाहिजे होता. पुढच्या वेळी दोन शब्द लिहून टाका. रीत मोडते, तर ती माझ्या नावावर मोडू द्या.

आता कामाचं. डब्यातली उरलेली काडतुसं किसनरावांनी आणून दिली. सारी मोडली. तुम्ही लिहिलंत, "गोळी हळू गेली तरी चालते, पण मी पाहते तिथं लागली पाहिजे." हे नारायणने कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. आम्ही दोघे जोराच्याच मागे होतो. दारू कमी करून गोळी थोडी हळू जाऊ दिली, तर बहुधा एकाच जागी जास्त नेमाने जाईल. त्या मानाने पलीकडच्या काठावर ती किती खाली येते हे एकदा कळलं, की तुम्ही नेम तेवढा वर धरायचा. पण 'बहुधा' म्हणून यापुढे मी काडतूस पाठवणार नाही.

इथे माळावर झाडून पाहायचं, तर पुन्हा तीच चूक होईल. जिथे ती चालायची आहेत, तिथेच, तिथल्या उन्हातच पाहिली पाहिजेत. टाके निघाले. डॉक्टर म्हणतात, अजून दोन आठवडे थांबा आणि मग पुढच्या सीटवर बसून जा. तेव्हा मी काटा, साचे आणि दारू घेऊन नांदुऱ्याला येतो. तुमची जाऊ बरोबर येते म्हणते, माझ्यावर तिचा भरवसा नाही. परतताना नारायणला घेऊन घाटावर येईन. इथल्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन करतात, मी डॉक्टरांना विचारून ठेवलं आहे. त्याला सांगा, टाके मीही घालून घेतले आहेत, माणूस मरत नाही.

पहिल्या खेपेला अगदी कमी दारूची पाच भरीन. तुम्ही पाच झाडल्या की प्रत्येक टोपी मी तिथल्या तिथे पाहीन, मग जरा वाढवून पुढची पाच. असं करत जाऊ. टोपी जरा जरी चपटी दिसली तरी तिथे थांबायचं आणि मागे यायचं. बार काढताना डोळ्याला चष्मा लावायचा. साध्या काचेचा चालेल, मी घेऊन येतो. दुपारी झाडायचं, ऊन सगळ्यात जास्त असेल तेव्हा. मला तुमच्याकडचं ऊन सोसत नाही, पण खोपटाच्या सावलीत बसेन, डोक्यावर ओला पंचा घेईन.

एकच अडचण राहते. भासऱ्यासमोर वाळूत पालथं पडून तुम्हाला नेम धरता येणार नाही, आणि पदर सांभाळून धरलेला नेम कामाचा नाही. म्हणून मी नदीकडे पाठ करून बसेन. मागे वळून पाहणार नाही. नारायण माझ्या शेजारी बसेल, त्यालाही पाहायचं नाहीच. बार झाला की गोळी कुठे लागली ते तुम्ही तिथूनच सांगायचं, वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, किती बोटं. पुटपुटू नका. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं, तेव्हा चांगलं मोठ्याने सांगा.

उकंडराव